पाचवं दुपटं

दुपारची झोप मला मानवत नाही. उठल्यावर डोकं धरतं, तोंड कडू पडतं आणि संध्याकाळभर मी दिसेल त्याच्यावर खेकसत राहते. म्हणून मी निजत नाही. आज मात्र जेवणं आटोपल्यावर शिलाई मशीनच्या खोलीत येते, कापडांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकते आणि डोळे आपसूक मिटू देते. जागं राहिलं की सकाळ आठवते. आणि मिटले तरी पहिल्यांदा तीच येते.

सकाळी आम्ही तिघी बिडवे मॅडमच्या दवाखान्यात गेलो होतो. मी, माझी लेक धनू आणि धनूच्या सासूबाई. धनूला पाचवा महिना आहे. जावई कोइमतूरला सोन्याच्या गलाईच्या धंद्यात. आमच्या खानापूर-विट्याकडची निम्मी पोरं असतात तसे तेही भट्टीपुढं बसून दुसऱ्यांचं सोनं गाळतात. म्हणून धनू इथं माझ्याकडं. विहीणबाई आज मुद्दाम आल्या, दवाखानाही होईल आणि डोहाळजेवणाची तारीखही ठरेल म्हणून. आता त्या बाहेरच्या खोलीत सोफ्यावर लवंडल्यात, सहाच्या एस्टीनं जातील.

मॅडमनी केसपेपरवर पेन टेकवून विचारलं होतं, "याआधी काही? पडलेलं, पाडलेलं?"

विहीणबाई भिंतीकडच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. धनूनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "नाही हो. पहिलटकरीण आहे."

धनू पहिलटकरीण नाही. दोन वर्षांपूर्वी, लग्नाला चार महिने झाले असताना ती संक्रांतीला आली होती. दिवस गेल्याचं तिनं मलाच पहिल्यांदा सांगितलं, जावयालाही अजून सांगायचं होतं, आणि तेवढ्यात तिसऱ्या महिन्यात तिचं पडलं. याच घरात. दवाखान्यात नेलं नाही. गरम पाण्याची पिशवी, डिंकाचे लाडू, आणि जावयाला फोन, की पोट बिघडलंय, आठवडाभर राहू द्या. कुणाला सांगायचं नाही असं मीच ठरवलं. हिच्या पोटी पोर टिकत नाही, हे बोलणं बाईच्या अंगाला एकदा चिकटलं की घासून निघत नाही. मला ठाऊक आहे. माझ्या अंगाला तसंच एक सहाव्या वर्षी चिकटलंय.

मॅडमनी "पहिलीच वेळ" असं लिहिलं आणि कागद उलटा करून त्यावर दोन गोल काढले. मोठा गोल आई, त्यात लहान गोल बाळ. "धनश्री, तुझं रक्त निगेटिव्ह आहे, तुझ्या मिस्टरांचं पॉझिटिव्ह. बाळ वडिलांवर गेलं तर तेही पॉझिटिव्ह. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. पण ते जन्मताना, किंवा मध्येच पडलं तरीसुद्धा, त्याचं थोडंसं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर ते परकं म्हणून ओळखून ठेवतं. पुढचं बाळ आलं की त्याच्या रक्तावर तुटून पडतं. बाळ पिवळं पडतं, सुजतं, कधी पोटातच जातं." मग त्या हसल्या. "तुझं पहिलंच आहे, म्हणून आपल्याकडं वेळ आहे. सातव्या महिन्यात तपासणी करू, एक इंजेक्शन देऊ, बाळ झाल्यावर तीन दिवसांच्या आत दुसरं. आधी काही झालेलं असतं तर मी आजच्या आज रक्त पाठवलं असतं."

तेव्हा बोलायचं होतं. अजून कागदावरची शाई ओली होती. मी नाही बोलले. मॅडम पुढं काय म्हणाल्या तेही माझ्या कानात गेलं नाही, कारण मी त्या लहान गोलाकडं बघत होते. ज्याला काही होत नाही ते पहिलं बाळ, माझ्या आईचं, मी होते.

आमच्या गावाकडं पोरीची पाठ बघायचे. एखादीच्या पाठीवर भाऊ आला की तिची पाठ चांगली, मग तिच्या पाठीला कुंकू लावायचं, गूळ वाटायचा. माझी पाठ वाईट. माझ्या पाठीवर आई तीनदा बाळंत झाली आणि तिन्ही गेली. आजीनं निदान केलं, की ही थोरली पाठच्यांना खाते. उपाय म्हणून माझ्या पाठीवर तापल्या बिब्ब्याचे पाच डाग दिले. ते अजून आहेत, काळपट, दहा पैशाएवढे. मी बायकांचे खोल गळ्याचे ब्लाउज शिवते, पाठीला नाड्या आणि लटकन लावून देते, आणि स्वतःचे मात्र मानेपर्यंत बंद. विट्यात सगळ्यांना वाटतं, छबूताई जुन्या वळणाची. वाटू दे.

गठ्ठ्यातल्या कोऱ्या कापडाची खळ नाकाशी वास देतेय. पंखा फिरतोय तो हळूहळू लांब जातोय. त्याच्या घरघरीत दुसरीच घरघर मिसळते.

मशीन चालू आहे.

मी डोळे उघडते, किंवा उघडत नाही. माझ्या स्टुलावर आई बसलीय, माझ्याकडं पाठ करून, आणि पायानं मशीन मारतेय. हयातीत तिनं मशीनला हात लावला नव्हता, सुई मोडेल म्हणायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. दहाव्याला कावळा शिवेना म्हणून मीच हात जोडून उभी राहिले होते. हे सगळं मला ठाऊक आहे, पण दारात काढून ठेवलेल्या चपलांसारखं ते बाहेरच राहिलंय.

"दोरा लई कच्चा वापरतीस," ती मागं न बघता म्हणते.

"दुकानदार तोच देतो. काय शिवतेस आये?"

"दुपटी."

"कुणाला?"

"पोरास्नी. थंडी वाजती त्यास्नी."

ती जुन्या हिरव्या लुगड्याचे चौकोन कापून एकावर एक घालतेय आणि कडेनं शिवण मारतेय. शिवण सरळ येतेय, माझ्यापेक्षा सरळ. मला जरा रागच येतो. मी बघायला पुढं सरकते तर माझ्या खाली गठ्ठा नाही, दवाखान्यातलं लोखंडी बाकडं आहे.

बाकड्यावर रांगेनं बायका बसल्यात. सगळ्या भिंतीकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ. तोंड एकीचंही दिसत नाही, पण मी प्रत्येकीला ओळखते, ब्लाउज माझेच आहेत. ही भाळवणीची मास्तरीण, ही बँकेतली. त्यांच्या उघड्या पाठी गुळगुळीत आहेत, एकीवर तीळसुद्धा नाही. मी पदर पाठीवरून ओढून घेते.

आई शेजारी येऊन टेकते. मांडीवर दुपट्यांचं गाठोडं.

"तुझा नंबर कितवा?" ती विचारते.

हातात चिठ्ठी आहे, पण त्यावरचं काही वाचता येत नाही. "पहिला," मी म्हणते.

"खोटं."

रागानं नाही म्हणत. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणते, आणि उठून मॅडमच्या केबिनचं दार ढकलते.

आत आमच्या गावच्या घरातली मागची खोली आहे. खिडकी चिंधीनं बुजवलेली, बाज, बाजेखाली शेगडी, त्यात ओव्याचा आणि बाळंतशेपाचा धूर. डोळे चुरचुरतात. मी आत शिरते तेव्हा माझं डोकं आईच्या कमरेला लागतं. मी सहा वर्षांची झालेय, पण नाकावर चष्मा आहे आणि गळ्यात मापाची टेप.

बाजेवर मल्हारी निजलाय. माझ्या पाठीवरचा पहिला.

तो पिवळा आहे. कपाळ, छाती, तळपाय, डोळ्यांतलं पांढरंसुद्धा. मला त्याचा हाच रंग आठवतो, कारण आजीनं तेव्हा साऱ्या गल्लीला बोलावून दाखवला होता. म्हणाली होती, खंडोबाचा भंडारा अंगावर घेऊन आलाय माझा नातू. देवानंच रंगवून धाडलाय. पालीच्या खंडोबाला नवस होता ना तिचा, मग काय, नाव त्याच दिवशी मल्हारी. शेजारच्या कंपाउंडर काकांनी म्हटलं होतं, की कावीळ वाटते, मिरजेला दाखवून आणा. आजी त्यांच्या अंगावर धावून गेली. देवाच्या भंडाऱ्याला कावीळ म्हणतोस? तिसऱ्या दिवशी तो पाठीची कमान करून किंचाळायला लागला. चौथ्या दिवशी गेला. पाचवीसुद्धा पुजायची राहिली, सटवाईला त्याच्या कपाळावर काही लिहायला वेळच मिळाला नाही.

"लई ग्वाड दिसत हुता," आई म्हणते. "मला बी वाटलं, देवाचाच हाय. मी त्याच्या कपाळाला बोट लावायची आन् बघायची, बोटाला लागतंय का."

"लागायचं?"

"न्हाई."

बाजेवर दुसरं आलंय. त्याचं नाव ठेवायच्या आत संध्याकाळ झाली होती. मग तिसरं, सुजलेलं, गच्च डोळे मिटलेलं, ते आलं तेच गेलेलं. तिघं ओळीनं. धुरात त्यांची तोंडं नीट दिसत नाहीत आणि मला ती बघायचीही नाहीत. मला एकच गोष्ट विचारायची आहे. ती तिच्या हयातीत मी विचारली नाही, सणावाराला शेजारी बसून पुरणपोळ्या लाटल्या, दवाखान्यात तिचं डोकं चेपलं, तरी विचारली नाही.

"आये, बिब्बा लावताना माझे हात तू का धरलेस?"

शेगडीतला निखारा फुटतो. आजी डाग देत होती, आणि मी पालथी पडू नये, हलू नये म्हणून समोरून माझे दोन्ही हात जिनं धरले होते ती आई होती. मला बिब्ब्याची आग आठवत नाही. तिच्या हातांची आठवते.

"दुसऱ्या कुणी धरलं आसतं तर तू जास्ती वरडली आसतीस," ती म्हणते.

"हे उत्तर नव्हे."

ती दुपट्याच्या कडेचा दोरा दातानं तोडते. 

"मला बी खरं वाटत हुतं," ती म्हणते. "तू झालीस तवा काईच झालं न्हाई. तू गुटगुटीत. मग तुज्या मागनं येतंय ते जातंयच. मी काय समजायचं? मी तुला जवळ घ्यायची आन् मला तुजं भ्या वाटायचं. माज्याच लेकीचं."

मला रडू येतं. सहा वर्षांच्या पोरीसारखं नाही येत, चोपन्न वर्षांच्या बाईसारखं येतं. मला हे ठाऊक होतं. पोराला आपल्या आईचं भ्यालेपण कळतं. पण कळणं वेगळं आणि तिच्या तोंडून ऐकणं वेगळं.

"आज मॅडमनी सांगितलं," मी म्हणते, आणि तिला सगळं सांगते. मोठा गोल, लहान गोल. मला नीट सांगता येत नाही, शब्द उलटसुलट पडतात. तुझं रक्त निगेटिव्ह असणार. माझं पॉझिटिव्ह. मी जन्मले तेव्हा माझं थोडं रक्त तुझ्यात गेलं. तुझ्या शरीरानं ते ओळखून ठेवलं आणि मग पाठच्या तिघांना.

आई शिवण थांबवून ऐकते. मी थांबल्यावर विचारते, "म्हंजी सासूबाई खरं बोलत हुत्या?"

 दिवसभर मी स्वतःला हेच विचारतेय. जन्मभर मी मनात म्हणत आले, अडाणी बाई होती आजी, खुळी होती, माझा काही संबंध नव्हता. आणि आज एक शिकलेली बाई कागदावर गोल काढून सांगते, की संबंध होता.

"पाठ नव्हे," मी म्हणते. "रक्त."

"मग तुजा दोष."

"माझा नाही!"

"मी कुटं म्हंती तुजा? इचारती. मग माजा?"

"तुझाही नाही."

"तुज्या अप्पांचा?"

"त्यांचाही नाही. कुणाचाच नाही आये."

"कुणाचाच न्हाई," ती म्हणते आणि बाजेकडं बघते. "तीन पोरं गेली, तुजी पाठ भाजली, मी वीस वर्सं देवळाच्या पायऱ्या चढली आन् दोष कुणाचाच न्हाई. हे तर आजून वंगाळ झालं."

"एक इंजेक्शन पुरलं असतं," मी म्हणते. का म्हणते कळत नाही. म्हणायला नको होतं.

"तवा हुतं?"

"कुठंतरी होतं. आपल्याकडं पोचलं नव्हतं."

"आता पोचलंय?"

"हो. मॅडमच्या फ्रीजमध्ये असतं."

"मग धनूला दिलं?"

मी मापाची टेप बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते.

"छबे. मागल्या वक्ताला तिचं पडलं तवा दिलं का?"

"तुला कुणी सांगितलं तिचं पडलं ते?"

 आई गाठोडं उचलून काखेला मारते आणि मागच्या दारानं बाहेर पडते. मी तिच्या मागं धावते. परसात विहीर असायला पाहिजे, पण ओढ्याची कड लागते. करंजाच्या झाडाखाली लहान लहान दगड. लेकरांना आमच्याकडं जाळत नाहीत, पुरतात, आणि या कडेला पुरतात. लहानपणी मला इकडं यायची बंदी होती. ऊन डोक्यावर आहे आणि झाडाला सावली नाही.

आई खाली बसते आणि दुपटी अंथरायला लागते. एक अंथरते, हातानं सपाट करते, कोपरे ओढते. शेजारी दुसरं. तिच्या हाताला घाई नाही. तिसरं.

मग चौथं. ते तळहाताएवढंच आहे.

"हे कुणाचं?" मी विचारते. मला कळलंय, तरी विचारते.

"धनूचं. तुमी कुणी मोजलं न्हाई त्येला. मोरीत पाणी वतलंसा आन् झालं. मग येऊन बसलं माज्यापाशी. कुणाकडं जाणार?"

"मी तिच्या भल्यासाठी लपवलं."

"व्हय की. मी बी तुजे हात भल्यापायीच धरलं."

"ते वेगळं."

"वायलं आसंल बाई. मला काय कळतंय, मी निरक्षर."

ही तिची जुनी खोड. एखादी गोष्ट पुरती कळली की निरक्षर व्हायची. मी चिडून काहीतरी बोलणार असते, पण ती गाठोड्यातून आणखी एक काढते. हे नेहमीच्या मापाचं आहे. नवजात बाळाचं. हिरव्या लुगड्याची घडी मऊ, पातळ, धुऊन धुऊन विरलेली. ती ते चौथ्याच्या शेजारी अंथरते आणि हातानं सपाट करते.

"हे कुणाला?"

ती कोपरे ओढते.

"आये, हे कुणाला शिवलंस?"

"मी कशाला शिवतीया? तुज्याच मशीनवर झालंय. आज सकाळी."

माझे पाय गार पडतात. उन्हात, ओढ्याच्या तापल्या वाळूत. मी ते दुपटं धरते आणि ओढते. तिचा हात त्यावर आहे, तो उठत नाही. मी दोन्ही पाय रोवून ओढते. मी तिला शिव्या देते, ज्या मी तिला कधी दिल्या नाहीत, म्हणते, तुझी तीन गेली म्हणून माझं नातवंड नेतेस का? भूक भागली नाही का तुझी? आजी मला जे बोलायची तेच शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडतात आणि मला थांबवता येत नाहीत.

आई माझं मनगट पकडते. हाडाची बोटं, पण पकड तीच, सहाव्या वर्षीची.

"सोड," ती म्हणते.

"नाही सोडणार."

"छबे, हात सोड."

"दुपटं दे आधी!"

"दुपटं कुटं हाय तुज्या हातात? बग तरी, कुणाला धरून ऱ्हायलीस."

मी खाली बघते. ऊन इतकं पांढरं आहे की काही दिसत नाही. कुणीतरी सोड म्हणतंय, पण आवाज आईचा राहिलेला नाही.

"मम्मी. हात सोड ना. दुखतंय."

पंखा. कापडाची खळ. खिडकीतून आलेली चारची उन्हं. धनू माझ्यापुढं गुडघ्यावर बसलीय, एक हात पोटाला, आणि तिचं दुसरं मनगट माझ्या उजव्या मुठीत. मी ते इतकं आवळलंय की माझीच बोटं सुन्न झालीत. मी ती एकेक करून सोडवते. तिच्या बांगड्यांचे वळ उमटलेत.

"चहाला उठवायला आले तर तू एकदम धरलंस," ती मनगट चोळत म्हणते. "काय बडबडत होतीस? आजीला शिव्या देत होतीस का?"

मी उठून बसते. डोकं धरलंय, तोंड कडू आहे. डावा हात उशाखाली होता तो पुढं घेते, आणि मला माझं मनगट दिसतं. त्यावर चार बोटांचे ठसे आहेत. पाचवा अंगठ्याचा, आतल्या बाजूला, नाडीवर. लालसर, ताजे, अजून खोल. मी उजव्या हाताची बोटं त्यांवर ठेवून बघते. बसत नाहीत. ती बोटं माझ्यापेक्षा बारीक आहेत.

धनूचं तिकडं लक्ष नाही. ती आपल्याच मनगटाकडं बघतेय.

"सकाळी पण असंच धरलंस," ती म्हणते.

"कधी?"

"मॅडमनी विचारलं तेव्हा. टेबलाखाली. मी सांगणार होते मम्मी. मी घरातून ठरवूनच निघाले होते, सासूबाई असोत नाहीतर कुणी असो. तू माझा हात धरलास आणि दाबलास. केवढ्या जोरात. मग मला बोलताच येईना."

मला ते आठवत नाही. म्हणजे, सकाळपासून आठवत नव्हतं. आता आठवतं, टेबलाची गार कड, तिचा घामेजला हात, आणि मी तो धरून ठेवलाय, ती हलू नये म्हणून. पन्नास वर्षं मी ज्या एका गोष्टीसाठी माझ्या आईला मनातून माफ केलं नाही, ती मी आज सकाळी साडेदहा वाजता केली. आणि मलाही वाटत होतं, भल्यासाठीच.

"चुकले मी धनू," मी म्हणते. "सकाळीच नाही. तेव्हापासून."

  पोटावरचा हात ती आणखी घट्ट धरते, आणि मला कळतं की दुपारभर तिलाही डोळा लागलेला नाही. मॅडमचे ते दोन गोल तिनंही बघितले होते.

मशीनवरचा फोन घेऊन मी मॅडमचा नंबर लावते. रिंग वाजते. बाहेरच्या खोलीत सोफ्याचा आवाज होतो, विहीणबाई उठल्या असाव्यात. धनू दाराकडं बघते, मग माझ्याकडं. दार लावू का, असं डोळ्यांनीच विचारते. मी मानेनंच नको म्हणते. पलीकडून "हॅलो" येतं, तेव्हा मला वाटतं आपणच सांगावं, एका दमात सांगून मोकळं व्हावं. पण मी फोन स्पीकरवर टाकून तिच्या हातात देते आणि माझे दोन्ही हात मांडीवर ठेवते.

"मॅडम, मी धनश्री. सकाळी आलेले," ती म्हणते.  ती घसा खाकरते.

विहीणबाई दारात आल्यात. केस विस्कटलेले, पदर सावरत. "काय झालं गं? चा झाला व्हय?"

धनू त्यांच्याकडं बघते. फोन खाली घेत नाही.

"मॅडम, तुम्ही विचारलं होतंत ना, याआधी काही झालंय का. हो. एक होतं."